क्राफ्ट व्हिस्की : आयत्या बिळावर नागोबा?

शंकासूर (धागाकर्ता)
परवा एका मित्राने अमेरिकन राय (गव्हासारखं एक धान्य) व्हिस्कीची बाटली दिली. लेबलवर तांब्याची भट्टी, 'छोटी बॅच', पणजोबांची रेसिपी, सगळा थाट. सहज बाटली फिरवून मागे बघितलं तर मुंगीएवढ्या अक्षरात 'डिस्टिल्ड इन इंडियाना', आणि कंपनीचा पत्ता भलत्याच राज्यातला. म्हणजे बहुतेक इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या त्या अवाढव्य कारखान्यातला माल, पूर्वी सीग्रॅमचा होता, आता एमजीपी नावाच्या कंपनीचा. तिथे ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्लीची (मोड आणलेल्या जवाची) व्हिस्की बनते आणि कितीतरी ब्रँड तीच घेऊन आपापलं लेबल चिकटवतात. टेम्पलटन रायचं प्रकरण आठवत असेल, आयोवामधली दारूबंदीच्या काळातली रेसिपी म्हणून विकली, माल निघाला इंडियानाचा, कोर्टात गेलं आणि २०१५ च्या तडजोडीत लेबल बदलावं लागलं. माझं मत सरळ आहे, ज्याने स्वतः गाळली नाही त्याने क्राफ्ट, म्हणजे छोट्या भट्टीत कसबाने बनवलेली, म्हणू नये. चर्चा होऊ द्या.

जुनाखोड
शंकासूर, मग जॉनी वॉकरवाल्या जॉन वॉकरला पण काढा यादीतून. १८२० मध्ये स्कॉटलंडात किल्मार्नॉकला किराणा दुकान टाकलं होतं त्याने, भट्टी नव्हे. वेगवेगळ्या लाकडी पिंपांतली व्हिस्की घेऊन चव जुळवायची, हे नाक आणि जीभ कमवायला आयुष्य जातं. ते कसब नाही का? शोरूममधला सुतार झाड लावत नाही म्हणून त्याला सुतार म्हणायचं नाही का?

शंकासूर
सुतार 'हे झाड मीच वाढवलं' असं लेबल लावत नाही हो. माझा राग विकत घेण्यावर नाहीच, पणजोबांवर आहे.

मोजपट्टी
जरा पैशाचं पण बघा. अमेरिकेत नुसतं बर्बन (मुख्यतः मक्याची व्हिस्की) म्हणायला वयाची अट नाही पण 'स्ट्रेट' लिहायचं तर किमान २ वर्षं पिंपात, 'बॉटल्ड इन बाँड' (सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरवलेली) हवं तर ४ (हा कायदा १८९७ चा, तेव्हाही भेसळीचीच बोंब होती), स्कॉच तर ३ वर्षांशिवाय व्हिस्कीच नाही. म्हणजे कर्ज काढून भट्टी उभी केलीत, पहिली धार आली, आणि पुढची ३-४ वर्षं हप्ते भरत पिंपांकडे बघत बसायचं. वर त्यातली दरवर्षी थोडी उडून जाते, स्कॉटलंडसारख्या थंड हवेत साधारण २ टक्के, म्हणजे १२ वर्षांत पाचवा हिस्सा गायब. तोपर्यंत माणूस जिन विकतो नाहीतर दुसऱ्याची व्हिस्की विकतो. काहीजण तिसरा रस्ता धरतात, छोटी पिंपं. नेहमीचं पिंप २०० लिटरचं, हे घेतात २० लिटरचं, त्यात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श दुपटीहून जास्त होतो, वर्षभरात रंग गडद आणि व्हॅनिलाचा वास. पण लाकूड लवकर उतरलं म्हणजे दारू मुरली असं नाही, हवेशी होणारी प्रक्रिया आपल्याच गतीने होते. म्हणून बऱ्याच छोट्या ब्रँडची चव ओल्या फळीसारखी लागते. माझ्या मते ती विकण्यापेक्षा इंडियानाची घेतलेली परवडली.

कोराकागद
'ओली फळी' +१. एकदा प्यायलो होतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये झोपल्यासारखं वाटत होतं 😄

तिसरीधार
मी काही महिने एका छोट्या भट्टीवर काम केलंय, नाव सांगत नाही. तिथे एक गोष्ट कळली, आपण मराठीत 'पहिल्या धारेची' म्हणजे एकदम कडक भारी समजतो ना, तिथे पहिली धार सरळ बाजूला काढतात. तिला नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा वास येतो. मग मधला भाग, तोच ठेवायचा, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला की बंद. हा 'लागला की' नेमका कधी, हीच सगळी मेख आहे. आमचा माणूस काचेच्या बरण्या ओळीने लावायचा, प्रत्येकीत चमचाभर पाणी टाकून वास घ्यायचा, मग दोन थेंब तळहातावर चोळायचा आणि पुन्हा हुंगायचा. मीटर होता पण मीटरकडे बघायचा नाही. एकदा मी लोभापायी दोन बरण्या जास्त धरल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून. तो काही बोलला नाही, पुढच्या महिन्यात त्या पिंपाचा नमुना काढून माझ्या हातात दिला. पुठ्ठा. ते पिंप अख्खं माझ्या नावाने ओळखतात अजून.
ज्याने हे केलं नाही त्याने मी बनवली म्हणू नये एवढंच.

जुनाखोड
तिसरीधार, तुमचा प्रतिसाद आवडला पण ती मधली धार कारखान्यातही कोणीतरी ठरवतोच की, फक्त उंच कॉलममध्ये (मनोऱ्यासारख्या उभ्या भट्टीत). तुमच्या माणसाचं कौतुक, मग त्या कारखान्यातल्या माणसाला काय पाप लागलंय? आणि बाटलीवर नाव एकाचं, हात दुसऱ्याचे, हे क्राफ्टवाल्यांनी सुरू केलेलं नाही. जॅक डॅनियलला गाळायला शिकवलं ते निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीत असलेल्या माणसाने. कंपनीने ते उघडपणे सांगायला २०१६ उजाडलं.

शंकासूर
अहो हे तर माझ्याच बाजूचं झालं! हात कोणाचे ते लपवू नका, एवढंच तर म्हणतोय सकाळपासून.

मोजपट्टी
मोठ्यांचं सोडा, स्वतः गाळणाऱ्यांचं तरी काय होतं? चिप टेटने टेक्सासात वेको इथे पुलाखालच्या जुन्या वेल्डिंग शॉपमध्ये बाल्कोनेस सुरू केली, भट्ट्या स्वतः बनवल्या. २०१४ मध्ये गुंतवणूकदारांशी बिनसलं आणि त्यालाच बाहेर पडावं लागलं. ब्रँड चालूच आहे. आता ती क्राफ्ट आहे की नाही, सांगा शंकासूर. आणि अमेरिकेच्या कायद्यात 'क्राफ्ट' शब्दाची व्याख्याच नाही, तिथली क्राफ्टवाल्यांची संघटना वर्षाला साडेसात लाख गॅलनपर्यंत चालवून घेते, म्हणजे २८ लाख लिटर. त्यात कसला आलाय छोटेपणा.

शंकासूर
वेल्डिंगवाल्याबद्दल अजून ठरत नाहीये. भट्ट्या त्याच्या, तोच नाही. विचार करून लिहितो.

जुनाखोड
तोवर एक सांगा, एवढा धागा काढलात, त्या बाटलीची चव कशी होती ते कुठेच लिहिलं नाहीत.

शंकासूर
अर्धी संपली.

कोराकागद
😂😂

शंकासूर
हसू नका. मागचं लेबल वाचायच्या आधी संपली ती.