मदत हवी आहे: पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालासाठी संगणक प्रणाली घ्यायची आहे, निविदेत नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात पोलीस उपनिरीक्षक आहे. खात्यांतर्गत परीक्षा देऊन इथवर आले, त्याआधी सहा वर्षं मुद्देमाल कारकून होते. गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, जिल्हा नियोजनच्या निधीतून मुद्देमालाच्या संगणकीकरणाचा प्रस्ताव जाऊ शकतो, तुम्ही ते काम केलंय, तेव्हा आवश्यकता तुम्हीच लिहून द्या. काम माझ्या मनासारखं आहे, पण निविदेची कागदपत्रं मी आजवर कधी लिहिलेली नाहीत. म्हणून इथे विचारते आहे.

आतापर्यंत तीन कंपन्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. तिघांचंही मूळ गोदामाचं सॉफ्टवेअर आहे: माल आला, रॅकवर ठेवला, गेला. आमचा माल असा सरळ चालत नाही. एक खुनाचा गुन्हा घ्या. चाकू, मयताचे आणि आरोपीचे कपडे, घटनास्थळावरची रक्तमिश्रित माती, तुलनेसाठी साधी माती, मोबाईल, शिवाय शवविच्छेदनानंतरचा व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने. पंचनामा एक किंवा दोन, पण वस्तू सात वाटांनी जातात. कपडे आणि माती रासायनिक विश्लेषणाला, मोबाईल सायबर विभागाला, डीएनएचे नमुने बर्फाच्या पेटीतून. काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा पाकिटावर आमचं सील नसतं, प्रयोगशाळेचं असतं. पुढे कोर्टात हजर होतात, साक्षीत दाखवून झाल्या की कधी तिथेच राहतात, कधी आमच्याकडे परत.

या प्रवासात त्याच चाकूला किती नंबर पडतात पाहा. गुन्हा रजिस्टर नंबर, मुद्देमाल नोंदवहीचा नंबर, प्रयोगशाळेचा नंबर, खटल्याचा नंबर, नाझरच्या (कोर्टातला माल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नोंदवहीतला नंबर आणि साक्षीच्या वेळी पडलेला आर्टिकल नंबर. हे सगळे एका जागी जुळवून दाखवा म्हटलं, तर तिन्ही कंपन्यांनी "शेरा" नावाचा रकाना पुढे केला. माझ्या मते सगळी खरेदी याच एका गोष्टीवर तोलायला हवी.

हे एवढं लागून का राहिलंय ते सांगते. कारकून असताना गांजाच्या एका गुन्ह्यातलं नमुना पाकीट मी कॅरिअर शिपायाकडे दिलं. सीलचा नमुना सोबत नव्हता म्हणून प्रयोगशाळेने ते स्वीकारलं नाही. शिपाई रात्री परत आला, मी ड्युटीवर नव्हते, त्याने पाकीट ठाण्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन जमा केलं. नोंदवहीत बाहेर गेल्याची नोंद होती, परत आल्याची नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, त्या दोन रात्री पाकीट कुठे होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोपी सुटला. चूक आम्हा दोघांचीही होती, पण पाकीट घेणाऱ्याने सही केल्याशिवाय देणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, अशी व्यवस्था असती तर ती चूक त्याच रात्री समोर आली असती.

आता कायद्यानेही गाठ घट्ट केली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं. कलम १९३ प्रमाणे दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यातून गेलं तो क्रम द्यायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे पडताळायचा डिजिटल ठसा, लिहायचं. म्हणजे पाकिटं वाढणार, चित्रफिती वाढणार, आणि आमची खोली आहे तेवढीच.

माझे प्रश्न:

ताब्याची नोंद एकदा झाली की कोणालाही, अगदी ठाणे अंमलदाराला किंवा कंपनीच्या माणसालाही, ती पुसता येऊ नये. चुकली तर दुरुस्ती वेगळ्या ओळीत दिसावी. ही अट निविदेत कोणत्या शब्दांत लिहावी, म्हणजे नंतर पळवाट राहणार नाही?

बारकोड घ्यावा की आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचला जाणारा टॅग)? कंपन्या आरएफआयडीचा फार आग्रह धरतात.

जप्तीचा फॉर्म आम्ही सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या गुन्हे नोंदणी प्रणालीत, भरतोच. तीच माहिती पुन्हा भरायला लावली तर माझे कारकून दोन महिन्यांत नवी प्रणाली सोडून देतील, हे मी लिहून देते. आणि जुन्या मालाचं काय? आमच्या एका ठाण्यात असा माल आहे, ज्याच्या गुन्ह्याचे कागदही सापडत नाहीत.

ज्यांनी अशी खरेदी केली आहे, किंवा असा माल सांभाळला आहे, त्यांनी कृपया लिहा.

---

निवृत्त_हवालदार:

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जुन्या नोंदवह्या बघून संगणकात भरू नका. नोंदवहीत असतं आणि खोलीत नसतं, खोलीत असतं आणि नोंदवहीत नसतं. आधी दोन पंच आणि एक अधिकारी घेऊन रॅकवरचा माल प्रत्यक्ष मोजा. जे हातात आलं त्यालाच लेबल लावा, मग ते नोंदवहीशी ताडा. मी चार्ज घेतला तेव्हा या मोजणीला अडीच महिने लागले, पण नंतर सुखाने झोपलो.

दुसरं, निकाल लागलेल्या आणि अपिलाची मुदत संपलेल्या गुन्ह्यांची यादी आधी काढा. त्या मालाच्या विल्हेवाटीचा हुकूम घेतला की खोली बरीच मोकळी होते. वाहनांबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय, ठाण्याच्या आवारात सडवू नका, पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन परत द्या. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये माल हजर केल्यावर १४ दिवसांत न्यायालयाने विवरण करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यायचा, अशी मुदत घातली आहे. तुमच्या प्रणालीने या तारखांची आठवण दिली पाहिजे. नोंदवहीला ते कधीच जमलं नाही.

रोकड, दागिने, हत्यारं आणि अमली पदार्थ यांना वेगळं कुलूप आणि वेगळा अधिकार ठेवा. संगणकातही.

लेबलवाली:

मी वैद्यकीय प्रयोगशाळांच्या नमुन्यांची लेबलं आणि सॉफ्टवेअर यात काम करते, पोलिसांचा अनुभव नाही. पण लेबलाबद्दल खात्रीने सांगू शकते.

दुकानातल्या पावतीसारखं उष्णतेने काळं होणारं लेबल घेऊ नका. तुमच्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत ते करपेल, नाहीतर अक्षरं उडतील. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, रेझिनची रिबन आणि पॉलिस्टरचं लेबल, असं निविदेत स्पष्ट लिहा. फ्रीजमध्ये जाणाऱ्या नमुन्यांसाठी गोंद वेगळा लागतो, साधं लेबल दमट काचेवरून सुटतं. आणि बारकोडखाली नंबर माणसाला वाचता येईल असा छापलेला हवाच, स्कॅनर बंद पडतात.

आरएफआयडीचा टॅग धातूवर आणि द्रवाजवळ नीट वाचला जात नाही. तुमच्याकडे चाकू, कट्टे आणि व्हिसेराच्या बरण्या. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण महाग पडतात. शिवाय टॅग दुरून वाचला जातो, म्हणजे वस्तू खोलीत आहे एवढं कळतं, ती कोणी हातात घेतली ते कळत नाही. तुम्हाला तर नेमकं तेच हवंय. बारकोड घ्या.

निविदा_कक्ष:

मी दुसऱ्या एका शासकीय कार्यालयात खरेदी पाहतो. ताई, तुम्ही जे वर लिहिलंय ना, खुनाच्या गुन्ह्यातल्या वस्तू आणि परत आलेलं गांजाचं पाकीट, तेच निविदेला जोडा. "प्रणालीत ताब्याची साखळी असावी" असं लिहिलंत तर प्रत्येक कंपनी "होय" लिहील. त्याऐवजी तांत्रिक मूल्यांकनात प्रात्यक्षिक ठेवा आणि प्रसंग तुम्ही द्या: पाकीट गेलं, नाकारलं गेलं, रात्री परत आलं, कारकून रजेवर. दाखवा. नोंद पुसून दाखवा. ज्याला पुसता आली तो बाद. याला गुण ठेवा आणि गुण व दर दोन्ही मोजणारी पद्धत मंजूर करून घ्या, नाहीतर सर्वात कमी दरवाल्याला काम द्यावंच लागेल.

आणखी तीन गोष्टी. माहितीची मालकी पोलीस विभागाची आणि करार संपल्यावर सगळी माहिती वाचता येण्याजोग्या स्वरूपात परत, ही अट. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी, तिचा खर्च कंपनीचा. आणि पैसे टप्प्याटप्प्याने: बसवल्यावर थोडे, दोन ठाण्यांत तीन महिने चालल्यावर बाकीचे. ३१ मार्चला निधी परत जाईल या घाईत पूर्ण रक्कम आधी देऊन बसलेली कार्यालयं मी पाहिली आहेत.

सीसीटीएनएसशी जोडणी तुमच्या हातात नाही, त्याला वरून परवानगी लागते. ते पत्र आजच पाठवा. तोवर निदान गुन्हा क्रमांक आणि जप्ती फॉर्ममधली वस्तूंची यादी फाईलवरून आत घेता येईल एवढं मागा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून प्रात्यक्षिकाचे चार प्रसंग लिहून काढले. पहिला तोच, गांजाच्या पाकिटाचा. हवालदार साहेब, तुमचं ऐकून मोजणीसाठी दोन ठाणी निवडली आहेत, सोमवारपासून सुरू करतो. परवानगीचं पत्रही साहेबांच्या सहीला ठेवलंय.

एक गोष्ट अजून अडते आहे. आमच्या तीन ठाण्यांत पावसाळ्यात नेट दिवस दिवस नसतं. तेव्हा नोंद संगणकातच साठून नंतर वर जाणार. अशा वेळी नोंदीची वेळ कोणती धरायची, वस्तू दिली तेव्हाची की नोंद वर पोहोचली तेव्हाची? दोन्ही दिसाव्यात असं मला वाटतं. पण ठाण्यातल्या संगणकाचं घड्याळच कोणी मागे केलं, तर ते कसं पकडायचं? निविदेत यासाठी काय मागावं, हे कोणी सांगेल का?