बोटावरचा आकडा 98 असताना रुग्णाला सारखे उठवून ‘श्वास घ्या’ असे का सांगतात?

प्रश्न

माझ्या वडिलांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया नुकतीच संपूर्ण भूल देऊन झाली. रिकव्हरी रूममध्ये त्यांना मास्कमधून ऑक्सिजन चालू होता आणि बोटावरचे यंत्र 97-98 दाखवत होते. तरीही परिचारिका त्यांना वरचेवर हाक मारून खोल श्वास घ्यायला सांगत होत्या. आकडा इतका चांगला असेल तर ऑक्सिजन कशाला, आणि ऑक्सिजन चालू असेल तर श्वासाची एवढी चिंता कशाला?

उत्तर (भूलतज्ज्ञ)

आधी ऑक्सिजनविषयी. भूल दिल्यावर फुप्फुसांचे खालचे काही भाग मिटतात आणि शुद्ध आल्यावरही ते लगेच उघडत नाहीत, त्यामुळे तिथून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. शिवाय कुडकुडी भरली तर शरीराची ऑक्सिजनची गरज एकाएकी वाढते. भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला असेल तर तो बंद केल्यावर पहिली काही मिनिटे रक्तातून वायुकोशांत (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) वेगाने परततो आणि तिथला ऑक्सिजन विरळ करतो; बी. रेमंड फिंक यांनी 1955 मध्ये हा परिणाम मांडला होता.

आता श्वासाविषयी, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. बोटावरचे यंत्र रक्तातला ऑक्सिजन दाखवते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे की नाही, हे त्याला कळत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी पाऱ्याच्या 40 मिमीच्या आसपास असतो. वेदनाशामक अफूजन्य औषधांमुळे श्वास मंदावून तो 80 पर्यंत चढला, तर साध्या हवेवर असलेल्या रुग्णाच्या वायुकोशांतील ऑक्सिजनचा दाब 50 च्या जवळ येतो आणि यंत्र लगेच ओरडू लागते. तोच रुग्ण 30 टक्के ऑक्सिजनवर असेल तर हा दाब 110 च्या पुढे राहतो आणि, फुप्फुसे निरोगी असतील तर, आकडा 95 च्या वरच दिसतो. म्हणजे ऑक्सिजन रुग्णाला सांभाळतो, पण धोक्याची सूचनाही उशिरा पोहोचू देतो. म्हणूनच श्वासांची गती, छातीची हालचाल आणि रुग्णाची जाग यांकडे पाहावे लागते; उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र असेल तर फारच उत्तम.

उत्तर (रिकव्हरी रूममधील परिचारिका)

वरील उत्तरात माझी थोडी भर. गुंगीत जीभ मागे पडून घसा अडतो, तेव्हा छाती हलताना दिसते पण हवा आत जात नाही. अशा वेळी हनुवटी वर उचलली की बहुतेकदा वाट मोकळी होते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता उतरला नसेल तर रुग्णाला नीट खोकताही येत नाही, म्हणून आम्ही मान उचलून धरायला सांगतो. अर्थात ही चाचणी ढोबळ आहे. मज्जातंतूला सूक्ष्म विद्युत धक्के देऊन स्नायूंचा प्रतिसाद मोजणारे यंत्र अधिक भरवशाचे असते. नातेवाइकांना आमचे सारखे हाका मारणे जाचक वाटते, पण हाक मारल्यावर रुग्ण कसा प्रतिसाद देतो यावरून आम्हाला बरेच काही समजते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. वडील झोपेत मोठ्याने घोरतात आणि मध्येच त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटतो. हे आधी सांगायला हवे होते का?

उत्तर (भूलतज्ज्ञ)

होय, आणि अजूनही वॉर्डातील डॉक्टरांना आजच सांगा. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांना अफूजन्य औषधांचा त्रास अधिक होऊ शकतो, आणि तो रिकव्हरी रूममधून बाहेर आल्यावर, पुढच्या रात्रींतही होऊ शकतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यांना डोक्याकडची बाजू उंच करून झोपवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी देऊ नका. दीर्घकाळचा दमा किंवा धूम्रपानामुळे झालेला फुप्फुसाचा विकार असेल तर तोही कळवा. तशा काही रुग्णांमध्ये ऑक्सिजनचे उद्दिष्ट मुद्दाम 88 ते 92 एवढेच ठेवतात.