गाठीवरून गालिचा ओळखताना

'सेन्ना गाठ असेल तरच गालिचा इराणी' असं एक मत आहे, त्यात थोडी भर घालतो. सेन्ना म्हणजे फारसी गाठीत धागा दोनपैकी एकाच उभ्या धाग्याला पूर्ण वेढतो, तुर्की गाठीत दोघांनाही. सेन्ना हे गावाचं नाव, म्हणजे आजचं सनंदज, इराणी कुर्दिस्तानातलं. पण तिथले विणकर स्वतः बहुतेक तुर्की गाठच मारतात! इराणातल्याच तब्रीझमध्येही तीच. त्यामुळे निव्वळ गाठीवरून निवाडा नको. त्यापेक्षा झालर नीट बघा. हाताने विणलेल्या गालिच्यात ती ताण्याच्याच, म्हणजे उभ्या धाग्यांची टोकं असतात. यंत्रावरच्यात बहुधा मागाहून शिवलेली.

आणि लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला इराणच्या अर्दबीलचा गालिचा चुकवू नका. साडेदहा मीटर लांब. एका टोकाला विणलेल्या ओळींत मक्सूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०. रंग विटू नयेत म्हणून दिवे थोडाच वेळ लावतात. तेवढ्या वेळात तो गडद निळा डोळे भरून बघून घ्या.