शब्दचर्चा : ‘हेल्थ इक्विटी’, ‘ॲक्सेस’ आणि ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ला आपल्या मराठीत काय म्हणावं?

बीडहून, प्रश्न

नमस्कार मंडळी. आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. दवाखाना कुणाला मिळतो, कुणाला मिळत नाही आणि आहे त्या पैशात जास्तीत जास्त लोक कसे बरे होतील, यावरचं संशोधन सोप्या भाषेत सांगायचं आहे. तीन शब्दांपाशी घोडं अडलंय. पहिल्या खर्ड्यात मी ‘आरोग्य समता’, ‘सुगम्यता’ आणि ‘खर्च-परिणामकारक’ असं लिहिलं होतं. परवा तो वाचून दाखवला. ‘सुगम्यता’ आल्यावर एक ताई म्हणाली, “ही नवी योजना का मॅडम? हिला कागद कोणते लागतेत?” कुणी हसलं नाही. बाकीच्यांनी वह्या काढल्या, कागदांची यादी उतरवून घ्यायला. तेव्हापासून चैन नाही. ज्यांना हक्क सांगायचाय त्यांना आपला शब्दच कागद मागतो, असं वाटत असेल तर तो बदललाच पाहिजे.

‘समता’बद्दलही शंका आहे. ‘इक्वॅलिटी’ला समता आणि ‘इक्विटी’लाही समता म्हणून कसं भागेल? मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली फोड आजही वापरतात. आरोग्यातला जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्यासारखा आहे आणि अन्यायाचा आहे, तो ‘इनइक्विटी’. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे पोरापेक्षा जास्त दुखतात, हा नुसता फरक झाला. एका गावची बाई सुखरूप बाळंत होते आणि शेजारच्या तांड्यावरची वाटेतच दगावते, कारण तिथं पावसाळ्यात जीप जात नाही, हा अन्याय. मला या दुसऱ्यासाठी शब्द हवाय.

लातूरहून

ताई, ‘समता’ हा शब्द मोठा आहे, त्याला तांत्रिक कामाला जुंपू नका. फुले-आंबेडकरांच्या विचारातून तो आपल्यापर्यंत आलाय, त्याचं वजन वेगळं. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असं आहे, तेव्हा ‘इक्वॅलिटी’ला समानता ठेवा.

‘इनइक्विटी’साठी मात्र आपल्याकडे एक अस्सल शब्द पडून आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत कुणाच्या पानात तुपाची धार आणि कुणाला कोरडी पोळी. त्यात वाढणारा असतो, म्हणजे कुणीतरी ते करत असतं. ‘विषमता’ म्हटलं की ती आभाळातून पडल्यासारखी वाटते. पंक्तिप्रपंच आपोआप होत नाही, तो केला जातो. व्हाइटहेडबाईंची ‘टाळता येण्यासारखा’ ही अट या एका शब्दात बसते. वर्गात मुलांना हा शब्द कधी समजावून सांगावा लागला नाही.

परभणीहून

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. आरोग्यातलं फारसं कळत नाही, पण तुमचा पहिला शब्द आम्ही रोज वापरत होतो. ‘समन्यायी’.

मराठवाड्यात हा शब्द कुणाला परका नाही. जायकवाडीच्या पाण्यासाठी जे भांडण चालतं ते ‘समन्यायी पाणीवाटपा’चंच आहे. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातून तो आला आणि पेपरांतून पारापर्यंत पोचला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं, हे सूत्र आमच्याकडं न शिकलेला माणूसही सांगेल. सगळ्या धरणांना सारखं पाणी द्या, असं त्यात कुठंच नाही. तूट सगळ्यांनी मिळून सोसायची, एकट्या शेवटच्यानं नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट कालव्यावरची. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. वरच्या बाजूला ज्याचं रान त्याचा ऊस डोलतो, टेलला, म्हणजे शेपटाला, ज्याचं रान तो पाटात उभा राहून वाट बघतो. कागदावर दोघांनाही पाणीपाळी सारखीच. म्हणून आमच्याकडं नियम असा की आवर्तन टेलकडून सुरू करायचं आणि हेडकडं यायचं. तो पाळला गेला तर शेवटच्याला पाणी मिळतं, नाही तर मिळत नाही. तुमच्या पुस्तिकेत ‘टेलपासून सुरुवात’ असं लिहून बघा.

जालन्याहून

‘रास्त’ पण धरा की. रास्त भाव दुकान सगळ्यांना माहीत आहे. फारसीत रास्त म्हणजे सरळ, खरं, योग्य. ‘आरोग्याचा रास्त वाटा’.

बीडहून

परभणीकर काका, तुमचं उत्तर मी कालपासून चार वेळा वाचलं. आरोग्यातही अगदी हेच आहे. जूलियन ट्यूडर हार्ट नावाचे वेल्समधले डॉक्टर होते, खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे. त्यांनी १९७१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला: चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथं गरज जास्त, तिथं ती कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितकं हे वाढतं. इंग्रजीत त्याला ‘इन्व्हर्स केअर लॉ’ म्हणतात. मी ‘उलट्या सेवेचा नियम’ असं केलं होतं, पण उलटी म्हटल्यावर दवाखान्यात वेगळंच ऐकू येतं. आता ‘हेड-टेलचा नियम’ असंच लिहिणार आहे.

समन्यायाचं एक उदाहरण तर आपल्या नियमातच आहे. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. आकडा मुद्दाम सारखा ठेवलेला नाही. तर ‘आरोग्यातला समन्याय’ हे नक्की केलं, आणि त्याच्या उलट ‘पंक्तिप्रपंच’. ‘रास्त’ मी तिसऱ्या शब्दासाठी राखून ठेवते. आता ‘ॲक्सेस’चं बघा.

अंबाजोगाईहून

मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली. ‘ॲक्सेस’ला ‘पोच’ म्हणा. “दवाखान्यापर्यंत पोच नाही” हे कुणालाही कळतं. पण एक लक्षात ठेवा, पोच म्हणजे फक्त अंतर नव्हे. पेंचान्स्की आणि थॉमस यांनी १९८१मध्ये ॲक्सेसचे पाच पदर सांगितलेत, आम्हाला शिकवतात ते. मी मुलींना ते आपल्या बोलीत असे सांगते: दवाखाना आहे का, जाता येतं का, गेल्यावर वेळेला उघडा असतो का, पैसा झेपतो का, आणि तिथं आपल्याला माणसासारखं वागवतात का. शेवटच्याकडं सगळे दुर्लक्ष करतात. एकदा ‘इतके दिवस काय झोपली होतीस का’ असं ऐकून गेलेली बाई पुढच्या वेळी येत नाही. दवाखाना तिच्या दारात असला तरी तिची पोच तुटलेली असते.

आणि पोच तुटली की काय होतं, त्यालाही आपल्याकडे शब्द आहे. दुखणं अंगावर काढणं. संशोधनात ‘अनमेट नीड’ म्हणतात, मराठीत ‘अपूर्ण गरज’ असं छापतात. अपूर्ण गरज वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. अंगावर काढणं म्हटलं की बाई दिसते.

धाराशिवहून

बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल ‘थ्री डिलेज’ म्हणतात त्याला काय म्हणावं? १९९४चा थॅडियस आणि मेन यांचा लेख आहे.

अंबाजोगाईहून

तीन उशीर. ठरवायला उशीर, निघून पोचायला उशीर, पोचल्यावर हात लागायला उशीर. ‘विलंब’ लिहू नका, विलंब फायलींना होतो.

बीडहून

‘अंगावर काढणं’ वाचलं आणि हातातलं काम ठेवून दिलं. आमच्या जिल्ह्यात हा शब्द ‘खाडा’ या शब्दाला बांधलेला आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात, माणसांची गणती हत्यारावर. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते. दोघांपैकी एकानं जरी सुट्टी घेतली तरी तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. म्हणजे त्या बाईसाठी दवाखान्याचा खर्च औषधात नाही, केसपेपरात नाही, खाड्यात आहे. औषध फुकट असून ते तिला परवडत नाही. वर निम्मं वर्ष ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असते आणि तिचं नाव गावच्या यादीत. पोच मोजणारा गावात येतो, पोच नसलेली बाई तिथं नसते.

पाळीचा त्रास असा वर्षानुवर्षं अंगावर काढायचा आणि शेवटी ‘पिशवी काढायची’, कायमचा प्रश्न मिटवायचा. २०१९मध्ये हे राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली निघाली. ‘पिशवी’ या शब्दावर माझा राग आहे. गर्भाशय म्हटलं असतं तर काढताना कुणी तरी एकदा थांबलं असतं. पिशवी काय, रिकामी झाली की फेकून देतात. शब्द इतका हलका की निर्णयही हलका झाला. पुस्तिकेत मी जागोजाग ‘गर्भाशय (पिशवी)’ असं लिहिणार, नुसतं ‘पिशवी’ एकदाही नाही.

हिंगोलीहून

ताई, बरोबर. आमच्याकडं पण.

छत्रपती संभाजीनगरहून

तिसऱ्या शब्दाबद्दल बोलतो. घरात उर्दू आहे म्हणून सांगावंसं वाटलं. ‘खर्च-परिणामकारक’ सोडा, ‘किफायत’ घ्या, पण तिचा मूळ अर्थ धरून घ्या. अरबीत किफायत म्हणजे पुरेसं होणं. ‘काफी’ हा शब्द त्याच धातूतला. आज बाजारात किफायतशीर म्हणजे स्वस्त असा अर्थ झालाय, तो अर्धा आहे. जे आहे त्यात भागलं पाहिजे, आणि खरोखर भागलं पाहिजे, ही किफायत. स्वस्त घेतलं आणि भागलं नाही, तर ती किफायत नाही.

बीडहून

भाई, तुमचा ‘पुरेसं’ वाचून एक घर डोळ्यांसमोर आलं. एका तांड्यावर आशाताईंबरोबर गेले होते. साठीतली बाई, बीपीचा त्रास. गोळ्या नियमित घेता का विचारलं तर म्हणाली, “घेते की, पुरवून पुरवून.” कपाटावरच्या डब्यातून पाकीट काढून दाखवलं. एका गोळीचे सुरीनं दोन तुकडे, आणि तो अर्धाही एक दिवसाआड. महिन्याच्या गोळ्या तिनं चार महिन्यांवर नेल्या होत्या, कारण पुढच्या वेळी मिळतील याची तिला खात्री नव्हती. गूळ, तेल, ज्वारी जशी पुरवून खातात तशी औषधं. काटकसरीची ही बाई संसारात कुठं चुकली नसती. इथं मात्र बीपी होतं तिथंच होतं. अर्ध्या गोळीत पैसे वाचतात, गुण येत नाही.

म्हणून मला किफायतीच्या जोडीला ‘गुण’ हवाच. ‘औषधाला गुण आला’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, ‘इफेक्टिव्ह’ म्हणजे तेच. मग ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ म्हणजे ‘खर्चाच्या मानानं गुण’. कोष्टकाच्या मथळ्यात ‘किफायतशीर’, मजकुरात ‘खर्चाच्या मानानं गुण’.

नांदेडहून

औषधाचं दुकान आहे माझं. उदाहरण म्हणून ओआरएस घाला. १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून घरच्या माणसांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. खर्चाच्या मानानं गुण याहून मोठा कुठं सापडेल? तरी आजही माझ्या काउंटरवर रोज ऐकतो, “पुडी नको, बाटली लावायला कुठं जाऊ ते सांगा.” बाटलीत ताकद असते हा समज फार पक्का बसलाय. आशाताईंच्या हातात हे उदाहरण दिलंत तर माझं अर्धं काम होईल.

लातूरहून

‘क्वालिटी ॲडजस्टेड लाइफ इयर’चं काय करणार? ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ असं मी एके ठिकाणी वाचलं.

बीडहून

सर, त्याला ‘धडधाकट वर्ष’ म्हणते आहे. एका उपचारानं माणसाला किती धडधाकट वर्षं मिळतात आणि एका वर्षामागे किती रुपये लागतात, एवढाच तो हिशोब. आपल्या देशात असा हिशोब करायला २०१७पासून आरोग्य संशोधन विभागाखाली वेगळी यंत्रणाही आहे. पण हिशोब कुणाच्या खिशाचा, हे पुस्तिकेत ठळक लिहीन. सरकारच्या वहीत गोळीची किंमत येते, खाडा येत नाही. फडावरच्या बाईच्या वहीत उलटं. दोन्ही वह्या मांडल्या की मगच तो हिशोब रास्त. जालन्याच्या दादांचा शब्द इथं बसला बघा.

आता एकच राहिलं. ‘कॅटास्ट्रॉफिक हेल्थ एक्स्पेंडिचर’. घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा दवाखान्यात गेला की संशोधक असं म्हणतात. ‘आपत्तीजनक खर्च’ लिहिलं की भूकंप, गारपीट आठवते. आपल्याकडे लोक काय म्हणतात?

परभणीहून

“दवाखान्यानं घर धुऊन नेलं.”

अंबाजोगाईहून

“दोन एकर दवाखान्यात गेलं.” पैसे म्हणत नाहीत, एकर म्हणतात.

जालन्याहून

‘घरबुडवा खर्च’. माणसाला घरबुडव्या म्हणतोच की आपण.

बीडहून

‘घरबुडवा खर्च’ घेते. आणि त्याच्या खाली उदाहरणाच्या चौकटीत अंबाजोगाईच्या ताईंचं वाक्य, जसंच्या तसं. सोमवारी पुन्हा वाचन आहे, त्याच ताईंपुढं. कागद कोणते लागतेत असं कुणी विचारलं तर इथं परत येईन.