साउथ सिडनी रॅबिटोज: मोर्चा काढून वाचवलेला क्लब सभासदांनी विकला, बरोबर केलं का?

रेडफर्नचा_भाडेकरू
मागच्या रविवारी शेजारच्या आजोबांना गॅरेज आवरायला मदत केली. रंगाच्या डब्यांमागून पुठ्ठ्याची एक पाटी निघाली. लाल-हिरवी, कोपरे कुरतडलेले. साउथ सिडनी हा रग्बी लीगचा क्लब वाचवायला 2000 साली निघालेल्या मोर्चात त्यांनी ती धरली होती. "टाकू का?" म्हटलं, तर हातातून काढूनच घेतली. आणि हेच आजोबा 2006 पासून एकाही सामन्याला गेलेले नाहीत! म्हणून हा धागा.

ज्यांना रग्बी लीग म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी: 1895 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी 'खेळायला गेल्यावर बुडालेली मजुरी भरून द्या' म्हणून मूळ रग्बीशी काडीमोड घेतला, त्यातून हा 13 खेळाडूंचा खेळ आला. म्हणजे मूळचाच कामगारांचा. साउथची स्थापना 17 जानेवारी 1908, सिडनीतल्या रेडफर्न वस्तीच्या टाउन हॉलमध्ये. जवळच इव्हली रेल्वे वर्कशॉप, आजूबाजूला कारखाने. नावामागची प्रचलित गोष्ट अशी की ससे विकणारे फेरीवाले 'रॅबिट-ओऽऽ' अशी हाळी देत फिरायचे (आपल्याकडे 'भांडीऽऽय' देतात तशी) आणि त्यांच्यातलेच काही जण क्लबात खेळायचे.

पहिल्याच वर्षी जेतेपद. 1971 पर्यंत 20 झाली. मग दुष्काळ.

1995 ला माध्यमसम्राट मर्डॉक आणि पॅकर यांचं टीव्ही हक्कांवरून युद्ध पेटलं. 1997 च्या अखेरीस तह झाला, 1998 पासून एकच स्पर्धा आली, पण 2000 पासून 14 च संघ ठेवायचे असं ठरलं. बामेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज या क्लबांनी विलीन होऊन जागा राखली. साउथने नकार दिला, ऑक्टोबर 1999 मध्ये त्यांना काढलं. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स कोर्टात गेले. नोव्हेंबर 2000 मध्ये सिडनीच्या रस्त्यावर सुमारे 80 हजार माणसं उतरली. जुलै 2001 ला अपिलात निकाल बाजूने लागला आणि 2002 ला क्लब परत मैदानात.

आणि चार वर्षांत, 2006 ला, 75 टक्के मालकी 30 लाख डॉलरला अभिनेता रसेल क्रो आणि उद्योगपती पीटर होम्स अ कोर्ट यांच्याकडे! पिगिन्स विरोधात होते. माझं मत: ही विक्री म्हणजे मोर्चातल्या माणसांची फसवणूक.

आकडेमोड
असहमत. भावनेवर पगार होत नाहीत. परत आल्यावर 2003 आणि 2004 ला साउथ शेवटून पहिले. विक्रीनंतर 2007 ला 1989 नंतर प्रथमच बाद फेरी, 2014 ला जेतेपद. आणखी काय हवं? फसवणूक कसली? मतदान झालं, 75 टक्क्यांची अट होती, 75.8 मिळाले. शिवाय 25 टक्के सभासदांकडे आहेतच.

रेडफर्नचा_भाडेकरू
2006 लाही शेवटूनच पहिले होते, ते बरं विसरलात. आणि 75.8 म्हणजे काठावर पास! रेडफर्नमध्ये जन्मलेला क्लब त्याच वर्षी घरचे सामने होमबुशच्या ऑलिंपिक स्टेडियमवर घेऊन गेला. आजोबांना चालत जाता यायचं, आता ट्रेन बदलत जा.

आकडेमोड
रेडफर्न ओव्हल, म्हणजे रेडफर्नमधलं घरचं मैदान, 1987 लाच सोडलं. तेव्हा मालक कोण होते? सभासद! सगळं खापर क्रोवर फोडू नका.

कलम_नऊ
एक दुरुस्ती. 'कोर्टाने वाचवलं' हे अर्धसत्य आहे. मर्डॉक यांची कंपनी हायकोर्टात (ऑस्ट्रेलियात हे सर्वोच्च न्यायालय) गेली आणि ऑगस्ट 2003 मध्ये जिंकली. कायद्याच्या कागदावर साउथ शेवटी हरलेच. पण तोवर संघ दोन मोसम खेळत होता, पुन्हा हाकलायची हिंमत कोणी केली नाही. ती रस्त्यावरची माणसं डोळ्यांसमोर असणार.

रेडफर्नचा_भाडेकरू
बघा, म्हणजे खरे मालक कोण?

कलम_नऊ
मी असं काही म्हटलं नाही. मोर्चात चालल्याने मालकी मिळत नाही. मत द्यावं लागतं.

मारुब्राची_मावशी
तुम्ही दोघं हिशेब करा, मी मैदानाचं सांगते. 1970 च्या अंतिम सामन्यात मॅनलीविरुद्ध कर्णधार जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला. पठ्ठ्या शेवटपर्यंत खेळला, जिंकला. 2014 च्या अंतिम सामन्यात पहिल्याच टक्करीत सॅम बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तोही शेवटपर्यंत खेळला, 30-6 ने बुलडॉग्जना हरवलं, सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदकही त्यालाच. ते पदकही साउथच्याच जुन्या फुलबॅकच्या (सगळ्यात मागे खेळणारा) नावाचं. शेवटी आदिवासी खेळाडू ग्रेग इंग्लिसने ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला) आणि घोरपडीसारखा जमिनीवर सरपटला. रेडफर्नच्या आदिवासी वस्तीचं या क्लबशी नातं पिढ्यांचं आहे, त्यांना त्या सरपटण्यात काय दिसलं ते शेअरच्या टक्केवारीत मावणार नाही. क्लब तोच आहे हो.

आकडेमोड
+1. आणि नॉर्थ सिडनीकडे बघा. तेही 1908 चे. मॅनलीशी मोट बांधली, ती 2002 पर्यंत मोडली, वरच्या स्पर्धेतून नाव गेलं. आता त्यांचं अस्वल (टोपणनाव 'बेअर्स') 2027 पासून पर्थकडून खेळणार, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. साउथ निदान सिडनीत तरी आहे.

खवट_खापर
अवांतर: 20 जेतेपदं 1971 पर्यंत, त्यातलं 1909 चं कसं मिळालं तेही लिहा की. अंतिम सामना दुसऱ्या एका सामन्याआधी तोंडीलावणं म्हणून ठेवला, बामेनवाले निषेध म्हणून आलेच नाहीत. साउथने समोर कोणी नसताना चेंडू मारला, उचलला, ट्राय केला आणि करंडक घरी नेला. बामेनच्या म्हणण्याप्रमाणे न खेळण्याचं दोघांचं ठरलं होतं. 'तत्त्वाचा क्लब' म्हणे!

मारुब्राची_मावशी
आलात का धाग्याचं काश्मीर करायला.

कलम_नऊ
मूळ प्रश्नाकडे येऊ. भाडेकरूसाहेब, तुमच्या आजोबांनी 2006 ला मत कोणाला दिलं?

रेडफर्नचा_भाडेकरू
आज संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना विचारलं. गेलेच नव्हते. सभासदत्वाची वर्गणी त्या वर्षी भरायची राहून गेली होती म्हणाले. पाटी आता त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवली आहे.