फोन खिशात असताना रेट्रो हँडहेल्ड कशाला?

आडवातिडवा

दर काही महिन्यांनी नवा रेट्रो हँडहेल्ड, म्हणजे जुने व्हिडिओ गेम हातात धरून खेळायचं छोटं यंत्र, बाजारात येतो आणि "घेऊ का?" ही चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. माझं मत आधीच मांडून ठेवतो, ज्यांना खोडायचं त्यांनी खुशाल खोडावं: घेऊ नका. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा यूएसबी-सी कंट्रोलर घ्या आणि मोकळे व्हा.

आधी पडद्याचं बघू. स्वस्त हँडहेल्डमध्ये सर्रास सापडणारा पडदा ३.५ इंची, ४:३ आकाराचा, ६४०×४८० पिक्सेलचा असतो. ६.५ इंची, २०:९ चा फोन आडवा धरला की त्याची उंची भरते साधारण २.७ इंच. त्यात ४:३ चित्र बसवलं तर त्याचा कर्ण जवळजवळ साडेचार इंच होतो. दोन्हीकडचे काळे पट्टे सोडूनसुद्धा फोनवरचं चित्र मोठं, आणि पडदा ओएलईडी असेल तर ते पट्टे खरोखर काळे.

आता ताकद. मियू मिनी प्लस या स्वस्त हँडहेल्डमध्ये दोन कोअरचा कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर आणि १२८ एमबी रॅम आहे. प्लेस्टेशन १ पर्यंत तो झकास चालतो, पुढे विषय संपला. मधल्या दर्जाचा कुठलाही फोन याच्या कितीतरी पुढे असतो. शिवाय रेट्रोआर्क या इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं ॲप) 'रन-अहेड' नावाची सोय आहे. बटण दाबल्यावर गेम स्वतःच जे एकदोन फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) उशीर करतो, ते त्यात कापता येतात. त्यासाठी एकच फ्रेम अनेकदा मोजावी लागते, म्हणजे प्रोसेसरमध्ये दम हवा. फोनला ते परवडतं.

आयफोनवाल्यांची जुनी सबबही गेली. एप्रिल २०२४ मध्ये ॲपलने ॲप स्टोअरवर इम्युलेटरना परवानगी दिली आणि त्याच महिन्यात डेल्टा नावाचं इम्युलेटर आलं. मग खिशात दुसरी बॅटरी, दुसरं मेमरी कार्ड आणि दुसरा चार्जर कशासाठी वागवायचा?

डी-पॅडवाला

असहमत. आकडे बरोबर आहेत, पण ते सगळे पडद्याचे आणि प्रोसेसरचे. गेम खेळतात अंगठ्याने.

फोनला लागणारे बहुतेक कंट्रोलर एक्सबॉक्सच्या मांडणीचे असतात. डावीकडे वर स्टिक, तिच्या खाली डी-पॅड, म्हणजे दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण. द्विमितीय गेममध्ये स्टिकला काम नाही, सगळं डी-पॅडवर. त्यामुळे डावा अंगठा सतत आत वळवून ठेवावा लागतो, आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाशी ताण जाणवतो. गेमबॉयच्या धर्तीच्या हँडहेल्डमध्ये डी-पॅड नेमका अंगठा आपसूक टेकतो तिथे असतो.

दुसरं, सुरुवातीची खटपट. फोनचं कव्हर काढा, कारण कव्हरसकट पोर्ट नीट बसत नाही. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे पकड तिरकी होते, ती सांभाळा. कंट्रोलर लावा, ॲप उघडा, सूचना बंद करा. याउलट मियूवर ओनियन ओएस ही पर्यायी प्रणाली टाकली असेल तर पॉवर बटण दाबून ठेवल्यावर गेम आहे त्या क्षणी जतन होतो आणि यंत्र पूर्ण बंद होतं. पुन्हा चालू केलं की थेट तिथूनच. दहा मिनिटांच्या फुरसतीत खेळणाऱ्यासाठी सगळा फरक इथेच पडतो.

आणि मध्येच फोन आला तर? अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप मेमरीसाठी केव्हाही मारून टाकतं.

आडवातिडवा

@डी-पॅडवाला, ॲप मारलं जातं त्यावर उपाय आहे. रेट्रोआर्कच्या सेव्हिंग विभागात 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' (गेमच्या आतला सेव्ह दर किती वेळाने फाइलीत लिहायचा) १० सेकंदांवर ठेवा. 'ऑटो सेव्ह स्टेट'वर (गेमचा आहे तो क्षण जसाच्या तसा जतन करणं) विसंबू नका, ते गेम रीतसर बंद केल्यावरच लिहिलं जातं. आणि त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा.

मांडणीचं म्हणाल तर डी-पॅड वर असलेले कंट्रोलरही मिळतात. शोधावे लागतात, एवढंच.

पूर्णांक

दोघंही मुख्य प्रश्न सोडून बोलताय. "हँडहेल्ड घ्यावा का" याला एकच उत्तर नाही, कारण "कोणत्या मशीनचे गेम?" हे आधी ठरलेलं नसतं. पडद्याचा आकार त्यावरून ठरतो, आणि तिथेच बहुतेक खरेदी फसते.

जुन्या गेमचा एक पिक्सेल नव्या पडद्यावर पूर्ण पटीत मोठा झाला तरच चित्र स्वच्छ दिसतं. गेमबॉय आणि गेमबॉय कलर १६०×१४४ चे. ६४०×४८० वर ते तिप्पट, म्हणजे ४८०×४३२, छान बसतात. प्लेस्टेशन १ चे बरेच गेम ३२०×२४० चे, ते बरोबर दुप्पट होऊन पडदा काठोकाठ भरतो. सुपर निन्टेन्डोचे २५६×२२४, दुप्पट केले की ५१२×४४८, कडेला थोडी जागा उरते.

गेमबॉय ॲडव्हान्स मात्र २४०×१६०, म्हणजे ३:२ आकार. ६४०×४८० वर रुंदी भरायची तर २.६७ पट. काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे, काही तीनचे. पडदा सरकताना अक्षरं आणि रेषा थरथरल्यासारख्या दिसतात. दुप्पटवर थांबलात तर चित्र मूळ यंत्राच्या २.९ इंची पडद्यापेक्षाही लहान होतं. ज्याला मुख्यतः हेच गेम खेळायचेत त्याने ७२०×४८० चा पडदा बघावा, तिथे बरोबर तिप्पट बसते. ॲनबर्निकचा आरजी३४एक्सएक्स त्यासाठीच आहे. पॉवकिडी आरजीबी३० चा चौरस ७२०×७२० पडदा गेमबॉयला उत्तम: चौपट म्हणजे ६४०×५७६. पण रुंद चित्राला त्यावर वरखाली मोठे पट्टे येतात.

फोनला ही अडचण कमी, हे @आडवातिडवा यांच्या बाजूने. पिक्सेल इतके बारीक असतात की अपूर्णांकी पट डोळ्याला कळत नाही. पण मग कुठलाही हँडहेल्ड घ्या म्हणणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं.

मूळप्रत

इम्युलेशनवरच भांडायचं असेल तर भांडा. ते गेम ज्या पडद्यासाठी घडवले तो पडदा कसा होता, हे कुणी बोलतच नाही. २००१ च्या गेमबॉय ॲडव्हान्सला बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, नव्हता. म्हणून बनवणाऱ्यांनी रंग मुद्दाम जास्तच उजळ ठेवले. आजच्या उजळ पडद्यावर तेच रंग विटल्यासारखे आणि पांढुरके दिसतात. शिवाय तो एलसीडी मंद होता. एखादी सावली एका फ्रेममध्ये दाखवायची, पुढच्यात लपवायची, की पडदाच दोन्ही मिसळून तिला अर्धपारदर्शक करायचा. आजच्या आयपीएस प्रकारच्या पडद्यावर ती सावली फडफडते.

म्हणून मूळ यंत्र घ्या. अगदी उजेडाचीच गरज असेल तर ॲडव्हान्स एसपीचं एजीएस-१०१ मॉडेल, त्याला खरा बॅकलाइट आहे. एजीएस-००१ ला पुढून प्रकाश पडतो, तो फिकट असतो. मॉडेल क्रमांक मागच्या लेबलवर असतो, पण बाहेरचं कवच बदललेलं असू शकतं. म्हणून लेबलवर न जाता पडदा लावून बघा: उजेडाचं बटण दाबल्यावर १०१ चा प्रकाश पूर्ण बंद होत नाही, फक्त कमी-जास्त होतो.

पूर्णांक

@मूळप्रत, फडफड आणि रंग दोन्हीला एमजीबीए कोअरमध्ये (रेट्रोआर्कमध्ये ॲडव्हान्सचे गेम चालवणारा भाग) पर्याय आहेत: 'इंटरफ्रेम ब्लेंडिंग' आणि 'कलर करेक्शन'. दोन्ही मुळात बंद असतात, म्हणून लोकांना वाटतं इम्युलेटर वाईट आहे.

कथील

मूळ यंत्राची शिफारस करणाऱ्याने सोबत सोल्डरिंग आयर्नचीही करावी. नाहीतर अर्धी माहिती दिल्यासारखं आहे.

गेम गिअर (१९९०) घेताय? पृष्ठभागावर बसवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. आवाज क्षीण होतो, पडदा फिका पडतो, मग यंत्र चालूच होत नाही. एखादा बदलून भागत नाही, सगळे काढून, गळलेला द्रव पुसून नवे लावावे लागतात. सहा सेल खातो ते वेगळंच. १९८९ च्या गेमबॉयला उभ्या रेषा गायब होण्याचा आजार: काच आणि रिबन (पातळ लवचीक केबल) यांचा खालचा जोड सुटतो. तो जोड हलक्या तापमानावर आयर्नने दाबून पुन्हा चिकटवता येतो, पण घाई केली तर रिबन वितळते आणि पडदाच जातो.

सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. आधी थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडं. पत्रा खाल्ला गेला असेल तर तो बदलायचा, घासून चमकवून उपयोग नाही. कार्ट्रिजचे (यंत्रात खोचायची गेमची डबी) संपर्कही ९० टक्क्यांवरच्या अल्कोहोलने आणि कापसाच्या काडीने पुसायचे. फुंकर मारू नका, थुंकीची वाफ संपर्क गंजवते.

सगळ्यात मोठा घोटाळा सेव्हचा, म्हणजे गेममधल्या जतन केलेल्या प्रगतीचा. जुन्या गेमबॉय कार्ट्रिजमध्ये सेव्ह एसरॅमवर (वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी मेमरी) असतो आणि तो सीआर२०२५ किंवा सीआर१६१६ सेल जिवंत असेपर्यंतच टिकतो. सेल काढला की सेव्ह गेला. म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने, जसं जीबीएक्सकार्ट, सेव्हची प्रत काढायची, मगच सेल बदलायचा. नवा सेल पट्ट्या जोडलेला घ्या. साध्या सेलवर थेट डाग दिला तर तो तापून फुटू शकतो. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. रुबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅशवर (विजेशिवाय टिकणारी मेमरी) आहे. तिथे सेल संपला तर घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, सेव्ह शाबूत राहतो.

बॅकलाइटसाठी आयपीएस किट बसवणार असाल तर आधी यंत्र उघडून रिबनचा सॉकेट बघा. ॲडव्हान्समध्ये ४० पिनचे आणि ३२ पिनचे असे दोन प्रकार आहेत. आणि किट बसवल्यावर सेल लवकर संपतात, हे विक्रेता सांगत नाही.

मूळप्रत

@कथील, यातलं काहीच नाकारत नाही. पण हे सगळं दुरुस्त होतं. आज मिळणाऱ्या हँडहेल्डचा बोर्ड गेला तर पाच वर्षांनी कोण दुरुस्त करणार? १९८९ च्या यंत्राचे सुटे भाग आजही बनतात. कवच, बटणं, रबर पॅड, स्पीकर, सगळं.

फक्त नकली कार्ट्रिज ओळखायला शिका. ॲडव्हान्सच्या खऱ्या कार्ट्रिजच्या लेबलवर दोन आकडी क्रमांक दाबून उमटवलेला असतो, तिरक्या उजेडात दिसतो. खालच्या फटीतून बोर्डावर, संपर्कांच्या वर, निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. शंका असेल तर ३.८ मिमीचा गेमबिट किंवा ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर, जो लागेल तो वापरून उघडा. नकली कार्ट्रिज बहुधा सेव्हवरच दगा देतं.

कार्डखाऊ

बरं, समजा वाचणाऱ्याने हँडहेल्ड घ्यायचंच ठरवलं. मग पहिल्या दिवशी काय करायचं, ते कुणीच लिहिलं नाही.

यंत्रासोबत आलेलं बिननावाचं मायक्रोएसडी कार्ड ही पहिली बिघडणारी वस्तू. चालू करण्याआधी ते काढा, संगणकावर त्याची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, चांगल्या कंपनीच्या कार्डवर लिहा आणि जुनं बाजूला ठेवा. नुसत्या फाइली ओढून टाकल्या तर चालत नाही, कारण बूटचं विभाजन विंडोजला दिसतच नसतं. विंडोज मध्येच "फॉरमॅट करायचं का?" विचारेल, नाही म्हणा. दोन खाचांचं यंत्र असेल तर एकात प्रणाली, दुसऱ्यात गेम, म्हणजे फर्मवेअर बदलताना गेमना धक्का लागत नाही.

'दहा हजार गेम' या जाहिरातीवर जाऊ नका. त्यात एकाच गेमच्या अमेरिकी, युरोपी, जपानी आवृत्त्या आणि चाहत्यांनी केलेले फेरफार भरलेले असतात, आणि ते वाटण्याचा हक्क विक्रेत्याला नसतो. स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत रीडरने काढणं हा स्वच्छ मार्ग, तरी त्याबाबतचा कायदा देशागणिक वेगळा आहे.

चार्जिंग होत नाही म्हणून यंत्र परत करण्याआधी केबल बदला. स्वस्त हँडहेल्डच्या यूएसबी-सी पोर्टात ५.१ किलो-ओहमचे रोधक अनेकदा बसवलेलेच नसतात. ते नसले की सी-टू-सी केबलवर चार्जरला पलीकडे यंत्र आहे हेच कळत नाही. ए-टू-सी केबल लावा, चालेल.

डी-पॅड लगेच तपासा, परत करायची मुदत असतानाच. इनपुट टेस्ट उघडा, डावं दाबून धरा आणि अंगठा किंचित वरखाली डोलवा. वर किंवा खाली आपोआप लागत असेल तर ती खोटी तिरपी दिशा. टेट्रिससारख्या गेममध्ये सरकवताना तुकडा धाडकन खाली पडतो तो यामुळे. उघडून बोर्डावरच्या त्या दिशेच्या संपर्काचा थोडा भाग पातळ चिकटपट्टीने झाकला की बहुधा थांबतं. जास्त झाकलंत तर दिशा लागणारच नाही.

आणि सेव्ह स्टेटवरच सगळा खेळ ठेवू नका. कोअरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. गेमच्या आतला सेव्ह वेगळ्या फाइलीत जातो, आणि तीच फाइल उद्या फोनवर नेऊन पुढे खेळता येते.

आडवातिडवा

@कार्डखाऊ, एवढं सगळं पहिल्याच दिवशी करायचं असेल तर माझाच मुद्दा सिद्ध होतोय. :)

कार्डखाऊ

@आडवातिडवा, रेट्रोआर्कचा मेनू पहिल्यांदा उघडणाऱ्यालाही हेच वाटतं.

डी-पॅडवाला

एक राहिलं. फक्त प्लेस्टेशन १ साठी घेणाऱ्यांनी एल२-आर२ ही वरच्या कडेची बटणं कुठे आहेत ते बघावं. छोट्या उभ्या हँडहेल्डमध्ये ती एल१-आर१ च्या शेजारी चिकटलेली असतात आणि नेमकी चुकीची दाबली जातात. आडवं यंत्र घ्या. गेमच्या डिस्कच्या फाइली बिन-क्यूऐवजी सीएचडी या दाबून लहान केलेल्या प्रकारात बदला, जागा बरीच वाचते. दोन-तीन डिस्कचा गेम असेल तर एका एम३यू (साध्या यादीच्या) फाइलीत सगळ्या सीएचडींची नावं ओळीने लिहा आणि तीच फाइल उघडा. नाहीतर डिस्क बदलायच्या वेळी मेमरी कार्ड रिकामं दिसतं, कारण प्रत्येक डिस्कचं कार्ड वेगळं धरलं जातं. बायोस फाइलचं (मूळ यंत्राच्या सुरुवातीच्या प्रोग्रामची प्रत) नाव इंग्रजी लहान अक्षरांतच ठेवा, हँडहेल्डमधल्या लिनक्स प्रणालीला मोठी-लहान अक्षरं वेगळी वाटतात.