टोकन उद्या सकाळी द्यायचं का?

बी-३०२ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. एवढ्या रात्री मेसेज टाकतेय, राग मानू नका. आमची धाकटी आणि जावई घर शोधायलेत हे बऱ्याच जणांना माहीत आहे. इथं कोल्हापुरातच, रमणमळ्याच्या बाजूला एक टू बीएचके पसंत पडलाय. रिसेल आहे, तिसरा मजला, ४८ लाख म्हणतायत. एजंट म्हणतोय उद्या सकाळी दोन लाख टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. पोरांनी अजून एक कागद बघितलेला नाही. मला काही बरं वाटेना. आपल्याला बिल्डरनं काय दाखवलं आणि काय दिलं ते काय सांगायला नको. काय काय बघायचं असतं, कोणीतरी नीट सांगा.

ए-४०२ रोहित: वहिनी, दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक फ्लॅटला असतंय. पैसे देऊ नका.

ए-१०१ आण्णा: रमणमळा म्हंजे पंचगंगेच्या बाजूला, आधी पूररेषा बघा. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलतं ते तिथल्या माणसांना विचारा. एजंटला न्हवं.

सी-२०३ बँकवाले काका: वहिनी, टोकन थांबवा आणि शांतपणे वाचा. घर बघायच्या आधी बँकेत जायचं असतं, आपल्याकडं सगळे उलटं करतात. पगाराच्या स्लिपा, रिटर्न आणि सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर, बघून बँक आधीच सांगते किती कर्ज बसतंय. तुमच्या रकमेला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३८ लाख ४० हजार. उरलेले ९ लाख ६० हजार घरचे. त्यावर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, २ लाख ८८ हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही बँक कर्जात धरत नाही. म्हणजे पावणेतेरा लाख स्वतःचे लागतात. वकील, ट्रान्सफर, रंग, फर्निचर हे सगळं त्याच्या वर. पोरांकडं एवढे आहेत का, ते आधी विचारा.

बी-३०२ वहिनी: काका, ते दहा लाखच धरून बसलेत 😟

सी-२०३ बँकवाले काका: सगळे तेवढेच धरतात. आणि शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरावर, जे जास्त असेल त्यावर बसतं. एजंट हे सांगत नाही.

बी-१०२ आक्का: पोरीच्या नावावर घेतलं तर सवलत हाय न्हवं?

सी-२०३ बँकवाले काका: आहे. मुद्रांक शुल्कात १ टक्का, इथं ४८ हजार. पण खरेदी फक्त बाईच्या नावावर पाहिजे. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत गेली.

बी-१०२ आक्का: मग पोरीच्याच नावावर घ्या. उद्याचं कोण सांगावं.

सी-३०१ भाऊ: आक्का, हप्ता जावई भरणार आणि नाव नुसतं पोरीचं? त्याला काय वाटंल?

बी-१०२ आक्का: पोरगी बी नोकरी करतीया. हप्ता दोघांचा हाय.

बी-३०२ वहिनी: कृपया हा विषय नको. जावई चांगले आहेत, त्यांचं आमचं ठरेल.

सी-२०३ बँकवाले काका: हिशोबाचं तेवढं सांगतो. नाव एकटीचं ठेवलं तर जावयाला जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट मिळणार नाही, मालकी लागते त्याला. दोन्ही आकडे मांडून ठरवा. भावनेचा प्रश्न नाही हा.

ए-१०१ आण्णा: पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. निळीच्या आत बांधकामच चालत न्हाई. नकाशात इमारत कुठं बसती ते आधी बघायचं, मग बाकीचं.

खजिनदार: ज्यांचा मेंटेनन्स राहिला आहे त्यांनी कृपया उद्यापर्यंत भरावा. नावं टाकायला लावू नका.

ए-४०२ रोहित: रिसेलच्या नादाला कशाला लागताय? त्याच पैशात पाचगावला नाहीतर उचगावकडं नवीन मिळंल. नव्याला महारेरा नंबर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी नंबर असतो, वेबसाइटवर सगळं दिसतं. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठाच्या वर असले की नोंदणी करावीच लागते. आणि करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

सी-३०१ भाऊ: आणि पाणी? तिकडं टँकर किती लागतात ते विचार आधी. शहरात निदान काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन तरी आली.

ए-४०२ रोहित: आली म्हणून काय, आपल्याकडं तरी रोज प्रेशरनं येतंय का? शहराची हद्दवाढ होऊन ही गावं आत आली असती तर हा प्रश्नच नव्हता.

सी-३०१ भाऊ: हद्दवाढ कुणी अडवली ते गावाकडच्यांनी सांगावं.

ए-४०२ रोहित: गावाकडच्यांनी का म्हणून घरफाळा वाढवून घ्यायचा? आहे त्या शहरात गटारी नीट करा आधी.

सेक्रेटरी: कृपया राजकीय चर्चा टाळावी. महापालिका १९७२ साली झाली तेव्हापासून हद्दवाढीचं गुऱ्हाळ चालू आहे, ते आपल्या ग्रुपवर संपणार नाही. वहिनींच्या विषयावर बोलावे.

सी-१०४ ताई: विषयावरच बोलते. वहिनी, रिसेल घेताना त्या सोसायटीकडून लेखी घ्या, विकणाऱ्याची थकबाकी नाही म्हणून. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, त्याच्याच नावावर आहे का बघा. आणि फ्लॅट नव्या माणसाच्या नावावर करायची सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही. देणगी, लिफ्ट फंड, रंगाचा फंड असं काहीही नाव दिलं तरी नाही. हे मला इथं फ्लॅट घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी: ताई, आपण ती रक्कम स्वेच्छेने दिली होती. पावतीवर तसा उल्लेख आहे.

सी-१०४ ताई: पैसे भरल्याशिवाय सामान वर नेऊ देणार नाही म्हणाले होते. टेम्पो गेटवर उभा होता. त्याला स्वेच्छा म्हणत नाहीत.

सेक्रेटरी: तो निर्णय त्या वेळच्या कमिटीचा होता. वैयक्तिक घेऊ नये.

बी-१०२ आक्का: ताई म्हणती ते खरं हाय. मी तवा बी बोलले हुते.

बी-२०३: पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर आत येईना.

ए-४०२ रोहित: सी विंगच्या पाहुण्यांची असंल. दोन दिवस तिथंच हाय.

सी-३०१ भाऊ: माझ्या पाहुण्यांची नाही. दर वेळी सी विंगवर ढकलू नका.

सी-२०३ बँकवाले काका: वहिनी, हे सेव्ह करून ठेवा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचे जुने व्यवहार तपासून दिलेला अहवाल. वकील तुमचा पाहिजे, एजंटनं आणलेला नको. प्रॉपर्टी कार्डावर कुणाचा बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आहे का ते त्यात कळतं. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात, तिथून बाकीचं पत्र घ्यायचं आणि तुमच्या पैशातून आधी ते कर्ज फेडलं जाईल असं करारात लिहायचं. घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची शेवटची पावती. इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा कागद. हा नसला तर बँक नाक मुरडते.

सी-२०३ बँकवाले काका: आणि टोकन द्यायचंच झालं तर चेकनं, थोडकं, आणि इसारपावती करून. त्यात एक ओळ हवीच: टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, दोष निघाला किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर पैसे अमुक दिवसांत परत. ही ओळ लिहायला जो नको म्हणेल त्याला पैसे द्यायचेच नाहीत. तोंडी शब्दावर दिलेले दोन लाख परत काढताना माणसं वर्ष-वर्ष हेलपाटे घालतात, मी नोकरीत असताना बघितलंय.

बी-३०२ वहिनी: काका, खूप उपकार झाले. लेकीला पाठवते सगळं. ती म्हणते साडेअकराशे स्क्वेअर फूट आहे, हवेशीर आहे.

सी-१०४ ताई: साडेअकराशे कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, का भिंती धरून बिल्टअप? टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. आमचा मोजल्यावर कळला.

ए-१०१ आण्णा: पूररेषा कुणी बघितली का? तिसऱ्यांदा लिवतोय.

सी-३०१ भाऊ: आण्णा, तिसऱ्या मजल्यावर पाणी थोडंच येतंय?

ए-१०१ आण्णा: पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर गेलतं. तिसरा मजला कोरडा ऱ्हातोय, पण खाली पार्किंगात गाडी बुडती, मीटर बुडतंय, लिफ्ट बंद, लाईट बंद. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्यात गेली, नदीला महापूर आणि नळाला थेंब न्हाई. हायवे बंद, दूध न्हाई, पेट्रोल न्हाई. त्या मजल्यावर म्हातारं माणूस आजारी पडलं तर खाली आणायचं कसं? बोट मागवायची. माझी थोरली भैन तशीच उतरवली आम्ही. म्हणून सारखं सांगतोय.

बी-१०२ आक्का: आण्णा बरोबर बोलत्यात. वहिनी, जावयाला म्हणावं एजंट नसताना एकट्यानं जा. पार्किंगात उभं ऱ्हा आणि भिंती बघ. खालच्या तीन-चार फुटाला नवा रंग आणि वर जुना असला तर का तो विचार. मीटरची पेटी उचलून खांद्याच्या वर बसवली असंल तर ती उगाच बसवली न्हाई. मग वॉचमनच्या बायकोला विचार, ती खरं सांगती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बी विचार. पोरगी बघायला गेल्यावानी चहा पिऊन परत यायचं न्हवं.

ए-४०२ रोहित: 👍👍 आक्का, नाद खुळा.

खजिनदार: मेंटेनन्स. कृपया.

बी-२०३: गाडी अजून तिथंच आहे!

बी-३०२ वहिनी: सगळ्यांना सुप्रभात. जावई पहाटे फिरायला म्हणून तिकडंच गेले होते. आक्का, मीटरच्या पेट्या खरंच वर बसवल्यात, खाली जुन्या पेट्यांची भोकं सिमेंटनं बुजवलेली दिसतात. फोटो टाकते. इस्त्रीवाला म्हणाला २०१९ ला पहिल्या जिन्याच्या वळणापर्यंत पाणी होतं, २०२१ लाही आलं. एजंट म्हणाला होता पाणी कधीच आलं नाही.

ए-१०१ आण्णा: 🙏

बी-३०२ वहिनी: टोकन दिलेलं नाही. एजंटला सांगितलं, आधी कागदांच्या झेरॉक्स द्या. तर म्हणाला मालक गावाला गेलेत. काल रात्री हेच मालक सकाळी पैसे घ्यायला येणार होते.

सी-२०३ बँकवाले काका: मग सोडून द्या. लेकीला आणि जावयाला रविवारी माझ्याकडं पाठवा, पगाराच्या स्लिपा घेऊन. आधी आकडा पक्का करू, मग उंचावरच्या भागात बघू. राजारामपुरीत, कळंब्याच्या अलीकडं जुन्या इमारतीत चांगले फ्लॅट निघतात. लिफ्ट जुनी असंल, पण पाऊस लागला म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

सी-१०४ ताई: आणि जिथं घ्याल त्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का ते विचारा. जमीन बिल्डरच्याच नावावर असली तर उद्या पुनर्विकासाला तोच आडवा येतो.

सी-३०१ भाऊ: ताई, आपलं तरी कुठं झालंय?

सी-१०४ ताई: तेच म्हणते. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं करून द्यायला पाहिजे होतं. आपल्या लेकरांना आपण सांगतोय कागद बघा, आणि आपला फ्लॅट विकायला काढला तर समोरचा आपल्यालाच हे विचारणार.

सेक्रेटरी: मुद्दा रास्त आहे. बिल्डर सही करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे त्याच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. रविवारच्या सभेत विषय घेतो. प्रत्येक सभासदाने आपल्या नोंदणीकृत कराराची आणि सूची दोनची, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्याची, झेरॉक्स आणावी.

सी-१०४ ताई: आणि माझ्या पावतीचा विषय?

सेक्रेटरी: तोही घेतो, ताई. पावती घेऊन यावी.

बी-२०३: गाडी निघाली. टँकर आत आला, बी विंगनी पंधरा मिनिटांत टाकी चालू करा.